वाट्याचं वजन

ती मला ऐन हंगामात टाकून गेली, असं मी सहा वर्षं सांगत आलो. दुकानात चहाला टेकणाऱ्यांना सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. बायकोला तर इतक्यांदा सांगितलं की विषय निघाला की ती कुकर लावायला उठायची. सांगताना माझा आवाज चढायचा, आणि त्या चढलेल्या आवाजात एक गोष्ट दरवेळी गाळली जायची. ती लिहायला बसलो आहे. राग अजून पुरता गेलेला नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

रत्नागिरीत माझं काट्यांचं दुकान आहे. काटे म्हणजे वजनकाटे. गाव आतल्या बाजूचं, कातळावरचं. वडील मुंबईत, घरी थोडकं भात. दहावीनंतर मी इथे एका काटेदुरुस्तीवाल्याकडे लागलो. तेव्हा लोखंडी वजनं असायची. वापरून वापरून ती झिजतात. मग बुडातल्या भोकात शिसं ओतून ती पुन्हा बरोबर करायची आणि वजनमापेवाल्यांचा शिक्का मारून आणायचा. हे काम मी सात वर्षं केलं. त्याच दुकानात भाव करायला शिकलो. आमचा मालक सांगायचा, गिऱ्हाईक उठलं तरी तोंड उघडायचं नाही. पायरी उतरेपर्यंत गप्प बसायचं. एक पाय रस्त्यावर पडला की हाक मारायची. तेव्हा ठरतो तो खरा भाव. त्या एका युक्तीवर मी स्वतःचं दुकान घेतलं, त्यावर माळा चढवला, मुलीला शिकवलं. माझ्याशी भाव करून कोणी हसत गेल्याचं मला आठवत नाही.

पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि दुरुस्तीचं काम संपलं. नुसते विकायचे म्हटले तर सगळ्यांकडे तोच माल, आणि फोनवर मागवला की माझ्यापेक्षा स्वस्त. तेव्हा डोक्यात आलं की मराठीत बोलणारा काटा विकायचा. मासळीबाजारात बसणाऱ्या कितीतरी बायकांना वाचता येत नाही. काटा फोनला जोडलेला, त्याला स्पीकर. माप ठेवून बटण दाबलं की किती झालं आणि पैसे किती हे त्याने मोठ्याने सांगायचं, आणि गिऱ्हाइकाला हवी असेल तर चिठ्ठी छापून द्यायची. असलं यंत्र बाहेर तयार मिळत होतं. फक्त त्याची जीभ आपली नव्हती.

ओळखीच्या एकाने खेडची एक मुलगी सुचवली. मुलगी म्हणजे तिशीची बाई. पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती, लग्नानंतर खेडला राहून घरून कामं घ्यायची. मला काका म्हणायची, मी तिला बाय. तिने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्यावर मी तिला आणलं आणि त्याचं मला बरेच दिवस कौतुक होतं.

यंत्राबरोबर तयार मराठी आलेलं होतं, तेच चालवावं असं माझं म्हणणं. पहिल्याच दिवशी ते बाजारात उघडं पडलं. कोळंबीचे दोन वाटे विकले गेले आणि काटा खणखणीत आवाजात म्हणाला, "दोन वाटा. दर प्रति वाटा रुपये शंभर." शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकीने विचारलं, "ह्यो कुठल्या हापिसातून उचलून आणलास रे?"

मासळीबाजारात न जाणाऱ्यांसाठी सांगतो. मांदेली, कोळंबी, तिसऱ्या असली बारीक मासळी आमच्याकडे पूर्वापार वजनावर विकत नाहीत. फळीवर तिचे लहान लहान ढीग लावतात. एक ढीग म्हणजे एक वाटा. गिऱ्हाईक वाट्याकडे बघतं, भाव करतं, आणि पटला तर वाटा उचलून पिशवीत. तो काट्यावर चढतच नाही; किती वाटे गेले एवढंच बटणाने दाबायचं.

यंत्र असं का बोलतं ते तिने मला समजावलं. आकडा एका खणात, मापाचं नाव दुसऱ्या खणात, आणि यंत्र दोन्ही नुसतं जोडून मोकळं होतं. एकाला एक रूप आणि अनेकांना दुसरं हे त्याला कोणीतरी भरून द्यावं लागतं, आणि प्रत्येक भाषेचं ते वेगळं. मी म्हटलं, गिऱ्हाईक भाव बघतं, व्याकरण बघत नाही. ती म्हणाली, "काका, हे वाचायचं नाहीये, ऐकायचं आहे. ऐकणाऱ्या बाईला पहिल्या शब्दाला कळतं की हा आपल्यातला नाही. मग ती त्याच्या हिशोबावर पण विश्वास ठेवणार नाही." हे मात्र मला पटलं. विश्वासाचा धंदा मला कळतो.

मग तिने तक्ता करायला घेतला. एकेका मापाला एकेक ओळ. एक वाटा, दोन वाटे. एक पाटी, दोन पाट्या. किलो आणि डझन कितीही झाले तरी तेच. अर्धा म्हटलं की मापाप्रमाणे बदलणार: अर्धा वाटा, अर्धी पाटी, अर्धं पोतं. म्हणजे कुठलं माप तो, कुठलं ती आणि कुठलं ते, हेही यंत्राला सांगून ठेवायचं. दीड डझनाला ते "एक पूर्णांक पाच डझन" म्हणत होतं, ते काढून दीड आणि अडीच वेगळे शिकवायचे. प्रति वाटा कोणी म्हणत नाही, वाट्याला म्हणतात. पेटीला, पोत्याला, शेकड्याला. ही सगळी रूपं ती पुस्तकातून घेईना. म्हणाली, लोक काय म्हणतात ते ऐकून भरायचं.

तेव्हा दोन महिने मी तिला स्कूटरवर मागे बसवून हिंडलो. आरे-वारेच्या रस्त्याला एका आंब्याच्या बागेत पेट्या भरायचं चाललं होतं, तिथे गेलो. काजूच्या कारखान्यात गेलो, नारळवाल्यांकडे गेलो. ती सगळ्यांना तेच विचारायची: अर्धा म्हणता की अर्धी? बागवाला बिचारा आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, की ही मास्तरीण कशाला आणलीस. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सरकारी काय हो? आमचं काय बंद करताय?" वाटेत आम्ही वडापाव खायचो आणि तिच्याशी मी फुकटचा वाद घालायचो, कारण मला वाद घालायला आवडतं आणि तिला हरायला आवडत नसे. ते दोन महिने चांगले होते. तेव्हा मला ते कामाचे वाटले.

मासळीचे शब्द मावशीने दिले. मावशी म्हणजे दारापासून तिसऱ्या फळीवर बसणारी म्हातारी; अख्खा बाजार तिला मावशी म्हणायचा. मी शिकाऊ असताना तिच्या तागडीचा दांडा सरळ करून दिला होता, त्या ओळखीवर तिने सगळ्यांत आधी माझा बोलका काटा फळीवर ठेवला आणि तिचं बघून आणखी दहाजणींनी. शब्द सांगताना ती गिऱ्हाइकं सोडून तासतासभर बोलायची. कशाला काय म्हणतात, कुठल्या मासळीला वाटा आणि कुठली नगावर, कुठली पाटीने. त्याचं तिने काही मागितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उलट निघताना पोरीच्या पिशवीत कोळंबी टाकायची.

तक्त्यात शेवटचं घर वजनाचं होतं. एक किलो म्हणजे हजार ग्रॅम, पाटी म्हणजे साधारण इतकी, पोतं म्हणजे इतकं. वाट्याशी आल्यावर तिने मावशीला विचारलं, वाट्यात किती ग्रॅम असतात?

"ग्रॅम कसले?" मावशी म्हणाली. "शंभराचा वाटा. आज बोटी भरून आल्या, वाटा मोठा. उद्या नाय आल्या, वाटा लहान. शंभर ते शंभरच."

मी शेजारी उभा होतो. मनात म्हटलं, म्हातारी पोचलेली आहे. भाव हलवायचा नाही आणि माल कमी करत जायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला कळायलाही नको. असली युक्ती मला का सुचली नाही, असंही वाटून गेलं. पोरीने मात्र वेगळंच काहीतरी ऐकलं असावं. तिने ते घर रिकामं सोडलं आणि त्यात बारीक अक्षरात टीप लिहिली: कोरं ठेवायचं.

काटा चालला. "दोन वाटे, वाट्याला शंभर, दोनशे रुपये." बायकांनी त्याचं ऐकून त्याच्याच आवाजात एकमेकींना हाका मारायला सुरुवात केली. एखादीचा नवरा फोनवर फार बोलायला लागला की शेजारची म्हणायची, बटण दाब त्याचं.

मग कोल्हापूरचा एक खरेदीदार आला. त्याची मासळीची दुकानं होती आणि किनाऱ्यावरच्या गावांतून तो माल घ्यायचा. त्याला पन्नासेक काटे हवे होते. अट एकच: दिवसाच्या शेवटी सगळी विक्री किलोत दिसली पाहिजे. वाट्याचं घर कोरं असल्यामुळे बेरीज होत नव्हती. मी खेडला फोन केला. ती म्हणाली, वाट्याला वजन नसतं, काका. बेरीज दोन ठिकाणी दाखवू, इतके किलो आणि इतके वाटे. खरेदीदाराला दोन ठिकाणी नको होती. मी पुन्हा फोन केला, तिने पुन्हा तेच सांगितलं.

पासवर्ड माझ्याकडे होता. त्या आठवड्यात मासळी मुबलक होती. मी सकाळी मावशीच्या फळीशी गेलो आणि गंमत म्हणून तिचे तीन वाटे काट्यावर ठेवायला लावले. तिन्ही अर्धा किलोच्या आसपास भरले. दुकानात येऊन तक्ता उघडला, तिची टीप पुसली आणि त्या घरात ५०० लिहिलं. दोन मिनिटं लागली असतील. चहा यायच्या आत झालं.

हीच ती गाळलेली गोष्ट.

त्यानंतर चिठ्ठीवर छापून यायला लागलं: १ वाटा, आणि पुढे कंसात अर्धा किलो. काटा बोलायचा पूर्वीसारखंच. कंसातलं फक्त कागदावर होतं. मावशीला वाचता येत नव्हतं आणि चिठ्ठी बहुतेक कोणी मागत नसे. पावसाळ्यात बोटींना बंदी लागली, बाजारात फक्त खाडीची मासळी, तीही थोडी. वाटे लहान झाले. एका निवृत्त गृहस्थाने मांदेलीचा वाटा घेतला आणि चिठ्ठी मागितली. कंसातलं वाचलं, पलीकडच्या फळीवर जाऊन वाटा वजनाला ठेवला. तीनशे ग्रॅमसुद्धा भरला नाही. मी तिथे नव्हतो, पण मला तिघांनी सांगितलं आणि तिघांचं जुळलं. तो परत येऊन भर बाजारात म्हणाला, इतकी वर्षं असंच कापत आलीस काय? मावशीला आधी कळेचना कशाबद्दल बोलतो आहे. कोणीतरी तिला कंस वाचून दाखवला. तिने त्याला त्याचे शंभर परत दिले, मासळी परत घेतली नाही.

दुपारी ती काटा पिशवीत गुंडाळून माझ्या दुकानात आली. काउंटरवर ठेवला. म्हणाली, "मी वाट्याचं वजन कधी कुणाला सांगितलं? तुझ्या चिठ्ठीनं माझ्या नावावर खोटं सांगितलंन."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती नसती तर मी वेगळं बोललो असतो का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी म्हटलं, "मापात पाप केलंस तर काटा काय करणार, मावशी?"

तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरली. सावकाश उतरली, गुडघे दुखायचे तिचे. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी खेडहून ती आली. न सांगता, सकाळच्या गाडीने; बाजारातून तिला कोणीतरी कळवलं असावं. बसायला सांगितलं तर बसली नाही. त्या घरात आकडा कोणी टाकला, एवढंच विचारलं. मी म्हटलं, यंत्र माझं, पैसा माझा, मी कुठल्या घरात काय टाकायचं हे मला विचारणारी तू कोण? तिने तिथेच फोन काढून आकडा पुसला. मी तिच्यासमोर परत टाकला. मग ती म्हणाली, ठीक आहे, राहू दे तुमच्याकडे, पण आत्ता माझ्याबरोबर बाजारात चला आणि मावशींच्या फळीपाशी उभं राहून सांगा की चूक आपली आहे. तिने "आपली" म्हटलं होतं. "तुमची" नाही. हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

मी तेव्हा म्हटलं, "पैसे वाढवून हवे असतील तर सरळ माग. नाटकं कशाला?"

ती गेली. कोल्हापूरवाल्याला काटा हिंदी आणि कानडीही बोलायला हवा होता, ते काम अर्धवट राहिलं, ते मी पूर्ण करू शकलो नाही. खरेदीदाराने नमुना म्हणून नेलेला तक्ता दुसऱ्या कुणाकडे दिला आणि त्यांनी माझ्यापेक्षा स्वस्तात काटे करून दिले. बाकीच्या दहाजणींनी माझे काटे एकेक करून फळीखाली सरकवले. मी बुडालो नाही. सोनारांचे, किराणावाल्यांचे काटे विकत राहिलो. पण तेव्हापासून तक्रार पाळली. हंगामात टाकून गेली. हंगाम मासळीचा नव्हता, माझ्या काट्यांचा होता.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. नंबर माझ्याकडे होताच, पुसला नव्हता.

तिने आधी घरची चौकशी केली, मग कामाचं काढलं. जगभरातल्या फोनांना आणि यंत्रांना कुठल्या भाषेत कुठलं माप कसं म्हणायचं हे सांगणारी एक सामायिक यादी असते. आपापल्या भाषेचं लोक त्यात भरतात, एकमेकांचं तपासतात, आणि यंत्रं बनवणारे तिथून उचलतात. ती त्यात मराठीचं तपासते. पैसे मिळत नाहीत, मी विचारलं. यंदा त्यात ठिकठिकाणची स्थानिक मापं घ्यायचं चाललं होतं आणि कोणीतरी वाटा भरला होता. रूपं सगळी बिनचूक होती, वाटा, वाटे, वाट्याला, लिंगही बरोबर. वजनाच्या घरात पाचशे ग्रॅम. पुरावा काय, तर कोकणातल्या बाजारांत चालू असलेली यंत्रं असंच छापतात. ती यंत्रं म्हणजे कोल्हापूरवाल्याची.

"मी आक्षेप घेतलाय," ती म्हणाली. "पण ते म्हणतात, छापील पुरावा आहे, मग चूक कशावरून? ज्याने आकडा टाकला त्याने लिहून दिलं तर काढतील. चार ओळी हव्यात, काका. शुक्रवारी यादी बंद होते."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला. सहा वर्षांनी ती माझ्या पायरीवर उभी होती आणि तिला माझ्याकडची वस्तू हवी होती. मी म्हटलं, देईन लिहून, पण आधी तू मान्य कर की हंगामात सोडून गेलीस.

ती लगेच म्हणाली, गेले, हे खरं आहे. मला वाटलं होतं ती भांडेल. इतक्या सहज मिळालेली गोष्ट मला कमी वाटायला लागली. मग मी म्हटलं, शब्द मी गोळा केले, माझ्या स्कूटरवर, माझ्या पेट्रोलवर. यादीत माझं नाव पाहिजे. नावं कोणाचीच नसतात, तिचंही नाही, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, बघ काही होतंय का. बुधवारी तिचा पुन्हा फोन आला. तिने विचारून घेतलं होतं; टिपेत रत्नागिरीतल्या एका काटेविक्रेत्याचा उल्लेख करता येईल. मी म्हटलं, एका म्हणजे कुठल्या? इथे सहाजण आहेत. तिने पुन्हा विचारते म्हणून सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी तिसरा फोन. नाव घालता येणार नव्हतं. मी म्हटलं, मग बघू.

"काका, तुम्ही भाव करताय."

"मग? दुसरं काय येतं मला?"

"माझ्या वस्तूचा करा, मी करीन तुमच्याशी. ही माझी नाही." मग म्हणाली, "मावशींची आहे." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी मी दिवसभर फोन गल्ल्याशेजारी ठेवून बसलो. आतापर्यंत तीनदा आला, चौथ्यांदा येणार, असा माझा हिशोब. त्यात मी धंद्यातली साधी गोष्ट विसरलो. तिचा पाय रस्त्यावर पडला होता आणि हाक मारायची पाळी माझी होती. दुपारी एकदा फोन उचलला, तिचा नंबर काढला, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि मी त्याला मुद्दाम फार वेळ काटे दाखवत बसलो. त्याने काही घेतलं नाही.

शनिवारी सकाळी चार ओळी लिहिल्या. वाट्याला ठरलेलं वजन नसतं. पाचशे हा आकडा मी माझ्या सोयीसाठी टाकला. तीन वाटे मोजून टाकला, तेही मासळी भरपूर असलेल्या दिवशी. जिने मला हा शब्द दिला तिने वजन नाही म्हणून सांगितलं होतं. खाली सही केली, फोटो काढून पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: मिळालं, यादी काल बंद झाली, पुढच्या फेरीत देते. पुढे काका नव्हतं.

मग मावशीला तरी सांगावं म्हणून एकदाचा मासळीबाजारात गेलो. इतकी वर्षं मासळी घरपोच मागवत होतो. तिसऱ्या फळीवर तिची सून बसली होती. मावशीने फळी सोडून तीन वर्षं झाली, डोळे गेले, असं तिने सांगितलं. मला तिने ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. तिच्या बाजूला नवा काटा होता, कोल्हापूरवाल्याच्या जातीचा. बंदीचे दिवस होते, फळीवर मासळी जेमतेम. वाटे लावलेले नव्हते. सगळी मांदेली एका ताटात.

मी विचारलं, आज वाटे नाहीत?

ती म्हणाली, मासळी असेल तेव्हा लावते, अर्ध्या किलोचा एक. गिऱ्हाईक चिठ्ठी बघतं, कमी भरला तर भांडतं. मासळी थोडी असली की इतक्या पैशांत अर्धा किलो परवडत नाही, मग वाटे लावायचेच नाहीत, वजनावर द्यायची.

आम्ही बोलत असताना एक बाई आली. कुणाच्या तरी घरची धुणीभांडी आटपून आलेली असावी, हात पांढरे पडलेले. मुठीत शंभराची नोट घडी घातलेली. तिने मांदेलीचा वाटा मागितला. सुनेने सांगितलं, आज वाटा नाय, सहाशे रुपये किलो. पाव किलोचे दीडशे होतात हा हिशोब त्या बाईने मनात केला. शंभराची द्या, असं म्हणाली नाही. वजनावरच्या वस्तूला असं म्हणायचं धाडस सगळ्यांना होत नाही. काट्याच्या दुकानात आयुष्य गेल्यावर मला एवढं कळतं. ताटाकडे बघत थोडी उभी राहिली आणि गेली.

सून म्हणाली, "सासू बसलेली असती तर हिला थोड्या मांदेल्या घालून वाटा केला असतान. एवढूसा का होईना. शंभर घेऊन आली ती रिकामी नाय जायची आमच्या फळीवरून."

म्हणजे भाव त्यासाठी हलत नव्हता. मासळी असो नसो, त्या नोटेचं काहीतरी घरी जायला हवं, म्हणून ढीग लहान होत होता. मी चाळीस वर्षं बाजाराच्या शेजारी राहिलो आणि त्याला युक्ती समजलो.

मी सुनेला सांगितलं की काट्यातला तो अर्धा किलोचा आकडा माझा आहे, चुकीचा आहे. ती म्हणाली, मग बदलून द्या. तिच्या काट्यात मला शिरता येणार नव्हतं, पासवर्ड कोल्हापूरला. तसं सांगितलं तर तिने मान हलवली आणि ताटावर पाणी शिंपडलं. मी विचारलं, मावशी घरी कधी भेटेल?

"जाणार कुठे? घरीच असते," ती म्हणाली. "पण आमच्या घरात तुमचं नाव काढत नाय कोणी. येऊन बघा."

त्याला आता पंधरा दिवस झाले. त्या चार ओळींचा कागद शर्टाच्या खिशात आहे. मावशीला दिसत नाही, पण वाचून दाखवता येईल. त्यात तिच्याबद्दलही एक ओळ आहे. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा जायचं असं ह्या आठवड्यात दोनदा ठरवलं. एकदा तर तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो.